जमीन तीच, दप्तर नवे

‘फॉरमॅट मारावा लागेल.’ २००० सालाच्या आगेमागे ज्यांनी घरी संगणक घेतला, त्यांच्यापैकी हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळाच. दुरुस्तीला आलेला मुलगा हे वाक्य सहज बोलून जाई आणि घरच्यांच्या पोटात गोळा येई. कारण त्या डब्यात मुलीच्या लग्नाचे फोटो असत, सोसायटीचा हिशेब असे, कुणाचा अर्धवट लिहिलेला प्रबंध असे. फॉरमॅट मारणे म्हणजे हे सगळे पुसणे. आज आपण याच्या नेमक्या उलट गोष्टीचा इतिहास पाहू. ड्राइव्हवरची व्यवस्था मुळापासून बदलायची, पण तिच्यावरची एकही फाइल हलू द्यायची नाही, हे कसब माणसाने कसे मिळवले आणि त्यासाठी काय मोजले, त्याचा हा इतिहास आहे.

आधी ‘व्यवस्था’ म्हणजे काय ते पाहू. संगणकाची हार्ड डिस्क हे एक गाव आहे असे समजा. गावात लाखो लहान लहान प्लॉट आहेत आणि त्या प्लॉटांवर आपली माहिती वस्तीला आहे. पण कोणत्या प्लॉटवर कोण राहतो, हे जमिनीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तलाठ्याचे दप्तर लागते. अमुक नावाची फाइल अमुक क्रमांकाच्या प्लॉटपासून सुरू होते, तिचा पुढचा तुकडा तमुक प्लॉटवर आहे, हा प्लॉट मोकळा आहे, तो खराब आहे, अशा नोंदी जिथे होतात त्या दप्तराला संगणकाच्या भाषेत ‘फाइल सिस्टिम’ म्हणतात. साधा झटपट फॉरमॅट म्हणजे हे दप्तर फाडून कोरे दप्तर मांडणे. जमीन जागेवर असते, तिच्यावरची वस्तीही बरीचशी तिथेच असते, पण कोणते घर कोणाचे हे सांगणारा कागद उरत नाही.

घरगुती संगणकांच्या जगातले सर्वात गाजलेले दप्तर म्हणजे ‘फॅट’. फाइल अ‍ॅलोकेशन टेबल या तीन शब्दांची ती आद्याक्षरे. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनल्ड यांनी ते १९७७ मध्ये बांधले, तेव्हा कंपनी अवघी दोन वर्षांची होती आणि दप्तर फ्लॉपीसाठी होते. पुढे १९८० मध्ये सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीतल्या टिम पॅटरसन यांनी आपल्या नव्या कार्यप्रणालीसाठी हीच कल्पना उचलली. त्या प्रणालीचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे आले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या डॉसमध्ये हेच दप्तर होते. त्या वेळच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट माहिती मावत असे. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात बसणार नाही.

फॅटची युक्ती साधी होती. दप्तरात प्रत्येक प्लॉटसाठी एक घर आखलेले आणि त्या घरात पुढच्या प्लॉटचा क्रमांक लिहिलेला. लहानपणी चिठ्ठ्यांचा खेळ खेळतात ना, एका चिठ्ठीत दुसरीचा ठिकाणा, दुसरीत तिसरीचा, तसेच. पहिली चिठ्ठी सापडली की सगळी फाइल हाती येते. मधली एक चिठ्ठी हरवली की पुढचे सगळे हरवते. म्हणून शहाणपण करून या दप्तराची एक जादा प्रत त्याच डिस्कवर ठेवत असत. पण दोन्ही प्रती शेजारी शेजारी, डिस्कच्या सुरुवातीलाच. एकाच कपाटात मूळ दस्त आणि त्याची नक्कल ठेवावी, तसे.

अडचण आली ती गाव वाढले तेव्हा. १९८४ मध्ये हार्ड डिस्कसाठी या दप्तराची ‘फॅट १६’ ही मोठी आवृत्ती आली. तिच्यात सुमारे ६५ हजार प्लॉटांचीच नोंद मावत असे. डिस्क मोठी झाली तर प्लॉटांची संख्या वाढवता येत नव्हती, म्हणून प्लॉटच मोठे करावे लागले. २ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर एकेक प्लॉट ३२ किलोबाइटचा झाला. एका प्लॉटवर दोन फायली राहू शकत नाहीत, हा नियम. मग चार ओळींच्या पत्रालाही अख्खा ३२ किलोबाइटचा प्लॉट. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा प्लॉट रिकामा पडतो असे धरले, तर १० हजार फायलींमागे सुमारे १५६ मेगाबाइट जागा नुसती ओसाड. शिवाय २ गिगाबाइटच्या पलीकडे एक ड्राइव्ह जातच नसे. नव्वदच्या दशकात डिस्क त्याहून मोठ्या झाल्या, तेव्हा एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडणे भाग पडू लागले, त्याचे हे एक कारण होते.

१९९६ मध्ये ‘फॅट ३२’ आले. आता ८ गिगाबाइटपर्यंतच्या ड्राइव्हवर ४ किलोबाइटचे प्लॉट पाडता येऊ लागले आणि ओसाड जागा आठपट कमी झाली. पण लोकांकडे आधीच भरलेल्या डिस्क होत्या, त्यांचे काय? सगळे दुसरीकडे उतरवायचे, फॉरमॅट मारायचा आणि परत चढवायचे, हा राजमार्ग. पण उतरवायचे कशावर? १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर? २ गिगाबाइटला अशा सुमारे १४०० फ्लॉप्या लागल्या असत्या. सीडी लिहिण्याचे यंत्र तेव्हा थोड्यांकडेच होते. म्हणून जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ मध्ये ‘ड्राइव्ह कन्व्हर्टर’ नावाची सोय देण्यात आली. घर न सोडता दप्तर बदलण्याची ही सोय तिथे सामान्य माणसाच्या हाती आली.

हे काम दिसते त्याहून अवघड होते. २ गिगाबाइटच्या ड्राइव्हचे जुने दप्तर प्रतीमागे १२८ किलोबाइटचे होते. ४ किलोबाइटच्या प्लॉटांचे नवे दप्तर प्रतीमागे २ मेगाबाइटचे. दोन्ही प्रतींना डिस्कच्या सुरुवातीलाच जागा हवी, आणि तिथे तर माहिती वस्तीला होती. म्हणजे वेशीजवळची घरे आधी आत हलवायची, त्यांचे नवे पत्ते लिहून घ्यायचे आणि मग तिथे चावडी वाढवायची. काम संपल्यावर विस्कटलेली वस्ती नीट लावण्यासाठी विंडोज स्वतःच डीफ्रॅगमेंटर सुरू करी. त्यात तासन्‌तास जात. आणि कामाला हात घालण्याआधी एक इशारा पडद्यावर येई: एकदा हे केले की याच साधनाने मागे जाता येणार नाही. विंडोज एनटी ४ सारख्या प्रणालीला फॅट ३२ चे दप्तर वाचता येत नसे. एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवणाऱ्याच्या लेखी तो ड्राइव्ह एका प्रणालीसाठी असून नसल्यासारखा होई.

तोपर्यंत मायक्रोसॉफ्टमध्येच एक निराळे दप्तर तयार झाले होते. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली कार्यालये आणि मोठ्या सर्व्हरसाठी विंडोज एनटी ही नवी प्रणाली उभी राहिली आणि जुलै १९९३ मध्ये बाहेर आली. तिचे दप्तर ‘एनटीएफएस’. टॉम मिलर, गॅरी किमुरा, ब्रायन अँड्र्यू आणि डेव्हिड गोबेल यांनी ते रचले. फॅटमध्ये फाइलला मालक नव्हता. जो यंत्रापुढे बसेल त्याचे सगळे. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत मालकाचे नाव आले, वाचायचा हक्क कोणाला, बदलायचा कोणाला हे आले. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे रोजनामा आला. दप्तरात कोणताही फेरफार करण्यापूर्वी ‘आता मी अमुक करणार आहे’ ही नोंद आधी रोजनाम्यात करायची. मधेच वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर रोजनामा वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे किंवा साफ रद्द करायचे. विंडोज ९८ वापरताना वीज गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई आणि आपण हात जोडून बसत असू. ते हात जोडणे या रोजनाम्याने बरेच कमी केले.

पण जुन्या फॅटच्या ड्राइव्हवर हे नवे दप्तर कसे न्यायचे? त्यासाठी एनटीमध्ये ‘कन्व्हर्ट’ नावाचा एक छोटा आदेश होता. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले, एनटीचे घराणे कार्यालयातून घरात शिरले आणि हा आदेश लाखो लोकांच्या कामाचा झाला. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढे इतरांनीही अशाच वाटेने काम केले.

एनटीएफएसचे एक वैशिष्ट्य असे, की त्याच्या नोंदवह्या स्वतःच फायली असतात. मुख्य नोंदवही ही एक फाइल, रोजनामा ही एक फाइल, मोकळ्या प्लॉटांची यादीही फाइलच. त्यामुळे फॅटसारखी सुरुवातीच्या जागेची अट नाही. मोकळा प्लॉट मिळेल तिथे त्या बसू शकतात. जागा ठरलेली असते ती प्रामुख्याने एकाच गोष्टीची. ड्राइव्हच्या पहिल्या घरात ‘या गावात अमुक दप्तर चालते आणि ते अमुक ठिकाणी आहे’ अशी पाटी लागते. तिला बूट सेक्टर म्हणतात.

आता कन्व्हर्ट काय करतो ते पाहा. तो आधी ड्राइव्हचे नाव विचारतो. नाव बरोबर टाइप केल्याशिवाय पुढे जात नाही. चुकून दुसऱ्याच ड्राइव्हवर हात पडू नये म्हणून. मग दप्तर तपासतो. मग मोजतो, की नव्या नोंदवह्यांना किती जागा लागेल आणि तितकी मोकळी आहे का. नसेल तर काम सुरूच करत नाही. असेल तर गावातल्या पडीक प्लॉटांवर बसून, जुने दप्तर समोर ठेवून, नवे दप्तर लिहू लागतो. जुन्या नोंदींना तो हात लावत नाही. फायलींचा मजकूर आहे त्याच प्लॉटांवर राहतो. नव्या वहीत फक्त त्यांचे पत्ते नव्या पद्धतीने उतरतात. जुन्या दप्तराच्या दृष्टीने ती जागा अजून वापरातच नाही. आणि सगळे लिहून झाले की अगदी शेवटी चावडीवरची पाटी बदलतो. त्या क्षणापर्यंत गाव फॅटचे असते. त्या क्षणानंतर ते एनटीएफएसचे होते.

यातले शहाणपण शेवटच्या पायरीत आहे. पाटी बदलण्यापूर्वी कधीही वीज गेली तरी जुने दप्तर शाबूत असते. पडीक जमिनीवर अर्धवट लिहिलेल्या वह्या म्हणजे नुसती रद्दी. धोका उरतो तो पाटी बदलण्याच्या क्षणापुरता. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. गावोगावी दिवसातून कित्येक तास वीज नसे. त्या काळात हे काम काढणाऱ्याला यूपीएसचा दिवा हिरवा आहे ना हे पाहूनच एंटर दाबावे लागे, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

तरीही ही जादू नव्हती. जुन्या दप्तरातच चुका असतील, दोन फायलींच्या नावे एकच प्लॉट लागला असेल, तर त्या आधी दुरुस्त कराव्या लागत. जुन्या वस्तीच्या खुणाही राहत. विंडोज २००० पर्यंत असा बदललेला ड्राइव्ह ५१२ बाइटच्या बारीक प्लॉटांचा होई, तर नव्याने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर प्लॉट ४ किलोबाइटचे पडत. कारण जुन्या हद्दी नव्या मोजणीत चपखल बसत नसत. एक्सपीमध्ये यावर बराच इलाज झाला. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे परतीची वाट नव्हती. एनटीएफएसवरून फॅटकडे नेणारा आदेश विंडोजमध्ये नव्हता, आजही नाही. म्हणूनच ‘आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवा’ हा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टही देत आली.

परतीच्या वाटेचा विचार झाला तो लिनक्सच्या जगात. तिथे ‘एक्स्ट २’ नावाचे दप्तर १९९३ पासून चालत होते. त्याला रोजनामा नव्हता. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये त्यावर एक प्रबंध मांडला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘एक्स्ट ३’ लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाले. त्यांनी जुने दप्तर तसेच ठेवले आणि त्याला रोजनाम्याची एक वही जोडली. एका आदेशात, ड्राइव्ह चालू असतानाही हे होई. ड्राइव्ह नीट बंद केलेला असेल तर जुनी प्रणाली त्याला एक्स्ट २ समजून वाचूही शके. जायची वाट जितकी सोपी, तितकीच यायची. नंतरच्या ‘बीटीआरएफएस’ या दप्तराने तर आणखी एक पाऊल टाकले. त्याचे रूपांतर करणारे साधन जुन्या एक्स्ट दप्तराची जशीच्या तशी प्रतिमा नव्या ड्राइव्हवर जपून ठेवते. ती पुसली नाही तोवर मागे जाता येते. नवे घर बांधले, पण जुन्या घराची किल्ली खुंटीवर ठेवली, असा हा प्रकार.

या सगळ्यात ड्राइव्हचा मालक समोर बसलेला असे. आदेश तो देई, नाव तो टाइप करी, इशारा तो वाची. २०१७ मध्ये हे चित्र बदलले. अ‍ॅपलच्या आयफोनवर १९९८ पासूनचे ‘एचएफएस प्लस’ हे दप्तर चालत होते. त्याच्या जागी ‘एपीएफएस’ आणायचे ठरले. जून २०१६ मध्ये तशी घोषणा झाली आणि २७ मार्च २०१७ रोजी आयओएस १०.३ या अद्यतनासोबत जगभरातल्या आयफोनांचे दप्तर त्यांच्या मालकांच्या खिशात बदलले गेले. पद्धत ओळखीचीच होती. नव्या नोंदी मोकळ्या जागेत लिहायच्या, मजकूर हलवायचा नाही आणि शेवटी एका क्षणात सूत्रे नव्याकडे द्यायची. लोकांना दिसले ते एवढेच, की फोन अद्यतनाला जरा जास्त वेळ घेतोय.

त्यानंतर जूनमध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडरिगी यांनी जॉन ग्रुबर यांच्या कार्यक्रमात एक गोष्ट उघड केली. त्याआधीच्या अद्यतनांच्या वेळी फोनांवर या बदलाची रंगीत तालीम करून घेतली होती. नवे दप्तर पूर्ण लिहायचे, ते जुन्याशी ताडून पाहायचे, निकाल कंपनीला कळवायचा आणि शेवटची पाटी न बदलता सगळे पुसून टाकायचे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही सावधगिरी वाखाणण्याजोगी. शेवटची पायरी वेगळी ठेवल्यामुळेच अशी तालीम करता आली. पण ज्याच्या फोटोंच्या नोंदी उलटसुलट तपासल्या गेल्या, त्याला त्याची गंधवार्ता नव्हती, हेही तितकेच खरे.

आणि इतकी तालीम करूनही एक गोष्ट निसटलीच. तिचा संबंध थेट आपल्या लिपीशी पोहोचतो. युनिकोडमध्ये काही अक्षरे दोन तऱ्हांनी लिहिता येतात. ‘तऱ्हा’ या शब्दातले ‘ऱ’ हे एकसंध अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे करूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एचएफएस प्लस अशी अक्षरे नेहमी तोडून, एकाच ठरावीक रूपात नोंदवी. त्यामुळे कोणत्याही तऱ्हेने विचारले तरी फाइल सापडे. आयओएस १०.३ मधले नवे दप्तर जसे नाव दिले तसेच ठेवी आणि दोन रूपांना दोन निराळी नावे समजे. त्यामुळे फाइल जागेवर असूनही एखाद्या अ‍ॅपला ती न सापडण्याची शक्यता निर्माण झाली. इंग्रजीला याची झळ नव्हती. स्वरचिन्हे लावणाऱ्या युरोपीय भाषा, कोरियन आणि ‘ऱ’ वापरणारी मराठी, या सगळ्या त्या टापूत येत होत्या. अ‍ॅपलने त्याच वर्षी पुढच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त केले. जमीन न हलवता दप्तर बदलले, तरी नावे वाचायचा नियम बदलला की घर असूनही पत्ता चुकतो, हा त्यातला धडा.

अ‍ॅपलने मॅक संगणकांच्या बाबतीत मग सबुरी दाखवली. सप्टेंबर २०१७ मध्ये हाय सिएरा ही प्रणाली आली तेव्हा साध्या फ्लॅश ड्राइव्हचेच रूपांतर आपोआप झाले. फिरती तबकडी आणि फ्लॅश यांची जोडी असलेले फ्यूजन ड्राइव्ह वगळले गेले. त्यांची पाळी एक वर्षाने, सप्टेंबर २०१८ मधल्या मोहावे या आवृत्तीत आली.

आज घरातल्या संगणकावर फॉरमॅट मारायची वेळ पूर्वीइतकी येत नाही. विंडोज व्हिस्टापासून प्रणालीचा ड्राइव्ह एनटीएफएसचाच लागतो. जुने फॅट मात्र मेलेले नाही. अनेक पेनड्राइव्हवर ते आहे, नव्या संगणकाला सुरू करणारा छोटा आरंभीचा भागही फॅटवरच चालतो. ४ गिगाबाइटची मोठी व्हिडिओ फाइल पेनड्राइव्हवर चढत नाही आणि ‘जागा तर आहे!’ म्हणून आपण चक्रावतो, तेव्हा आडवे येते ते १९९६ सालचे फॅट ३२. एका फाइलच्या आकारासाठी त्याच्या नोंदीत तेवढीच जागा आहे. अशा वेळी विंडोज ११ मध्येही तो जुना कन्व्हर्ट आदेश हजर आहे. तो आजही काम सुरू करण्यापूर्वी ड्राइव्हचे नाव विचारतो.

ही विचारपूस मला महत्त्वाची वाटते. या चाळीस-पन्नास वर्षांत अभियंत्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: नवे पूर्ण होईस्तोवर जुन्याला हात न लावण्याचा संयम असेल, तर चालत्या व्यवस्थेचे दप्तर बदलता येते. ही झाली कौशल्याची बाजू. दुसरी बाजू मालकाची. बदल होतोय हे त्याला माहीत हवे, परतीची वाट आहे की नाही हे आधी कळायला हवे आणि दोन्हीची खात्री नसेल तर त्याच्याजवळ निराळी प्रत हवी. आता बहुतेक बदल रात्री फोन चार्जिंगला लावलेला असताना, आपण झोपेत असताना होतात. तेव्हा पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात फारशा उरलेल्या नाहीत. तिसरी मात्र अजून आहे. लग्नाचे फोटो, सोसायटीचा हिशेब, प्रबंध यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून वेगळ्या कपाटात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.